आतून दिसणारं आकाश

होबर्न, लंडन
१४ मे १८०४

प्रिय मोनिका,

तुझं पत्र मार्चमध्ये, सेंट जोसेफच्या सणाच्या तीन दिवस आधी हातात पडलं. तू लिहिल्याला सात महिने होऊन गेले होते. कडा खाऱ्या पाण्याने फुगल्या होत्या आणि घडीवर कुणाच्या तरी बुटाची टाच उमटली होती, पण अक्षर न् अक्षर वाचता आलं. ब्रूजच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर वॉलबर्गा आम्हाला सांगायच्या, की मुद्दा पहिल्या चार ओळींत लिहावा आणि हवापाणी शेवटी. मला ते कधीच जमलं नाही, तुला मात्र चांगलं जमलं. तू लिहिलंस, की आठ वर्षांत दहा पत्रं पाठवली, दहाही पत्रांना उत्तर आईनेच दिलं, हे अकरावं, आता बारावं पत्र बाबांच्या स्वतःच्या हातचे दोन शब्द आल्यावरच लिहीन. तोवर मी खुशाल आहे असं समजा. पहिल्या चार ओळींतच. सिस्टरनी तुला शाबासकी दिली असती. मी मात्र पत्र मांडीवर घेऊन जिन्याच्या पायरीवरच बसून राहिले. तुझा राग मला वाचता येतो, बाळ. त्याच्याखाली काय आहे तेही वाचता येतं.

इकडे सगळं चाललं आहे. टॅबिथा अजून रोज सकाळी आठला येते, आल्या आल्या शेगडीपुढे पाय पसरते आणि गुडघ्यांची तक्रार ऐकवल्याशिवाय कामाला हात लावत नाही. आपल्या खिशातल्या पृथ्वीगोलांच्या डब्यांवर चढवायचं माशाचं कातडं हल्ली नीट मिळत नाही म्हणून मासळीबाजारातल्या बायकांशी तिची जुंपते. परवा एकीने तिला विचारलं, की आजी, एवढी कातडी नेऊन करता काय, स्वतःलाच मढवता की काय? टॅबिथा म्हणाली, नाही गं, जगाला मढवते, तू आपलं मासे बघ. घरी येऊन तिने हे चार वेळा सांगितलं आणि चारही वेळा आम्ही हसलो. तुझं टेबल अजून खिडकीखालीच आहे. त्यावर मी सुकायचे गोळे मांडते, त्यामुळे ते रिकामं दिसत नाही.

गोळ्यावर नकाशाच्या छापील कागदी पाकळ्या तुझ्यासारख्या चिकटवणारं माणूस मात्र पुन्हा मिळालं नाही. तुझ्यानंतर तिघीजणी आल्या. पहिली कागद इतका ओला करायची, की आफ्रिका ताणून रुंद व्हायची. दुसरी कागद कोरडाच ओढायची, मग बाराव्या पाकळीपर्यंत पोचताना समुद्रात फट राहायची आणि ती फट रंगाने बुजवायची पाळी माझ्यावर यायची. तिसरीचं लग्न ठरलं. तुझ्या वेळी बाराही पाकळ्यांची टोकं ध्रुवावर अशी जुळायची, की सुईचं टोक घालायला जागा नसे. नऊ वर्षांची असताना तू पहिला गोळा पूर्ण केलास, तेव्हा बाबांनी तो भिंग लावून पाहिला, पुन्हा पाहिला, आणि काहीही न बोलता विक्रीच्या फळीवर ठेवला. तू रडत माझ्याकडे आलीस, की बाबांनी छान म्हटलंच नाही. मी तुला सांगितलं होतं, की फळीवर ठेवला हेच त्यांचं छान. मला वाटतं, तेव्हापासून मी त्या माणसाची दुभाषीच होऊन बसले आहे. आज मात्र तेवढ्याने भागणार नाही, हे मलाही कळतं.

तो दिवस तुला सांगायला नको. पण मी कोपऱ्यात रंग लावत बसले होते, आणि मला तिथून काय दिसलं ते तू कधी विचारलं नाहीस. ल्यूक तेव्हा डेप्टफर्डच्या गोदीतला एक सुतार होता, आपल्याला फक्त डबीची बिजागरी बसवून द्यायला आलेला. त्याने डबी उघडली, झाकणाच्या आत चिकटवलेलं ताऱ्यांचं आकाश पाहिलं, झाकण डोक्यावर धरून पुन्हा पाहिलं आणि अगदी साधेपणाने म्हणाला, की मी तीन सफरी केल्या, पण सप्तर्षी असे उलट्या दिशेला तोंड करून गेलेले कधी दिसले नाहीत. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी त्याचा चेहरा पाहत होते. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, ती मात्र हसली. बाबा म्हणाले, की सुताराने लाकूड बघावं. आणि तेव्हा तू, हातात सरसाची कुंचली तशीच धरून म्हणालीस, “बाबा, तो खरं बोलतोय. मी चौदा वर्षांची असल्यापासून बघतेय.”

बाबांनी तुझ्या हातातली कुंचली काढून घेतली आणि टेबलावर ठेवली. तेवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस. पुढचे सहा महिने त्यांनी तुला कामाला हात लावू दिला नाही. तू ल्यूकशी लग्न केलंस तेव्हा ते चॅपेलात आले, मागच्या बाकावर बसले आणि आशीर्वाद न देता निघून गेले. जहाज सुटायच्या दिवशी त्यांना एकाएकी ठसे काढायचं काम निघालं. मी एकटी धक्क्यावर आले. आठ वर्षं झाली, या घरात ल्यूकचं नाव त्यांनी घेतलेलं नाही. फारच गरज पडली तर ‘तो सुतार’.

आता मी एक कबुली देते. तू गेल्यावर त्याच महिन्यात मी एक गोळा मुद्दाम बिघडवला. तोलाचं काम तेव्हा माझ्याकडे आलं होतं. तुला आठवतच असेल, दोन अर्धगोल दोऱ्याने बांधायचे, बोटांवर हलकेच फिरवायचे, एकच बाजू सारखी खाली येत असेल तर समोरच्या बाजूला आतून शिशाचे छर्रे चिकटवायचे, आणि कुठेही सोडला तरी गोळा आहे तसा राहायला लागला की सांधायचा. मी उलट केलं. चांगला तोललेला गोळा घेतला आणि एकाच जागी सात छर्रे चिकटवले. बाहेरून पेन्सिलीने खूण केली, आणि पाकळ्या अशा बसवल्या, की त्या खुणेवर अटलांटिक समुद्र यावा. तो गोळा कसाही ठेवला तरी डुलत डुलत फिरतो आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाचं, दक्षिणेतलं न्यू हॉलंड वर येऊन थांबतं. तुझा किनारा, मोनिका. मोजे ठेवायच्या खणात मी तो लपवला होता. घरात कुणी नसताना काढायचे, टेबलावर सोडायचे, आणि तू वर आलीस की पुन्हा मोज्यांत गुंडाळायचे. चाळीस वर्षांत या दुकानातून तोल चुकलेला एकही गोळा बाहेर गेलेला नाही, याचा बाबांना किती अभिमान आहे हे तुला ठाऊक आहे. म्हणून पापासारखा लपवला. फादरपुढे कबूल करावा की नाही याचाही विचार केला, पण याला कोणतं पाप म्हणायचं ते काही सुचेना.

दुसरी कबुली जास्त अवघड आहे. मागच्या पाच पत्रांत मी तुला लिहिलं, की बाबा मजेत आहेत, काम चाललं आहे. ते काही खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. त्यांचा उजवा डोळा दोन हिवाळ्यांपूर्वी गेला. डाव्याने उजेड, सावली आणि अगदी जवळ धरलेली वस्तू दिसते. डॉक्टर म्हणतात, नाताळपर्यंत तेवढं टिकेल. हे तुला कळवायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली होती. दयेपोटी आलेलं पत्र त्यांना नको होतं. शपथ मोडते आहे. त्याचं प्रायश्चित्त मी बघून घेईन. म्हणजे तू जेव्हा दोन शब्द मागितलेस, तेव्हा अशा माणसाकडे मागितलेस, ज्याला स्वतःचं अक्षर दिसत नाही. आणि त्याच वेळी मला हेही कळलं, की आता नाही तर मग कधीच नाही.

तुझं पत्र मी त्यांना संध्याकाळी वाचून दाखवलं. शुक्रवार होता, मासे आणि पाव झाला होता, टॅबिथा शाल गुंडाळून निघायच्या बेतात दाराशीच उभी राहिली, कारण तुझं पत्र ऐकल्याशिवाय ती कधी जात नाही. तुझी अट मी वाचली. बाबा खुर्चीच्या हातावर अंगठा घासत राहिले. मग मी पुढचा मजकूर वाचला, तोच गं, तुझ्या बार्बराचा. तू जाताना मी दिलेली डबी तिला खेळायला मिळाली, तिने ती टोपीसारखी डोक्यावर धरली, अंगणात उभं राहून एकदा झाकणात आणि एकदा वर पाहिलं, आणि म्हणाली, की आजोबांनी क्रॉस नक्षत्राजवळचे दोन तारे चुकीच्या बाजूला ठेवलेत, त्यांना सांगायला हवं, नाहीतर माणसं हरवतील.

बाबा म्हणाले, पुन्हा वाच. मी वाचलं. त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं. टॅबिथाला राहवलं नाही. ती दारातूनच म्हणाली, की मालक, सहा वर्षांच्या पोरीला दिसतंय, आता तरी मान्य करा, नाहीतर ती चार वर्षांत इथे येऊन तुमची कोरणी हिसकावून घेईल. मला वाटलं, आता काहीतरी फुटणार. पण ते हसले, मोनिका. छातीतल्या छातीत, खोकल्यासारखं, पण हसलेच.

टॅबिथा गेल्यावर त्यांनी जे सांगितलं ते मला चौतीस वर्षांच्या संसारात माहीत नव्हतं. ते आकाश त्यांनी सव्वीसाव्या वर्षी कोरलं होतं. जुन्या आकाशगोलांवर तारे बाहेरून बघितल्यासारखे काढतात, जणू आपण ताऱ्यांच्याही पलीकडे उभे आहोत. गोळ्यावर ते बरोबर दिसतं. त्याचीच नक्कल त्यांनी तांब्यावर उतरवली आणि ठसे डबीच्या पोकळीत चिकटवले, जिथे माणूस आतून बघतो. डावं ते उजवं झालं. पहिलीच डबी तयार झाली तेव्हा छपरावर जाऊन त्यांनी ताडून पाहिलं होतं, आणि त्यांना दिसलं होतं. एक वर्षाचं काम तांब्यात जाऊन बसलं होतं. कुणी बोललं नाही, म्हणून तेही बोलले नाहीत. आकाश देवाच्या बाजूने दाखवायची जुनी रीतच आहे, असं उत्तर त्यांनी तयार ठेवलं होतं; ते द्यायची वेळ पुढे कितीतरी वर्षं आली नाही.

मी विचारलं, की मग एवढं माहीत होतं तर त्या पोरांवर राग कसला धरलात? ते म्हणाले, “सुताराचा राग नव्हता. माझी पोर इतकी वर्षं माझी चूक झाकत बसली होती, रोज त्याच पाकळ्या नीट चिकटवत. तिच्या डोळ्याला डोळा कसा देऊ?” हे मी शब्दाला शब्द लिहिते आहे, कारण हे तुझं आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा तांब्याचा पत्रा मागवला. मला वाटलं, नुसती इच्छा आहे, दोन दिवसांत मावळेल. पण या वेळी कामाचा एक चमत्कार त्यांच्या मदतीला आला. आयुष्यभर त्यांनी तांब्यावर सगळं उलटं कोरलं, कारण ठसा सुलटा यायला हवा. आता मात्र जुना ठसा जसा दिसतो तसाच्या तसा तांब्यावर उतरवायचा होता. छापल्यावर तो आपोआप उलटून खरा होणार. म्हणजे उलटा विचार करायची गरज नाही, नुसतं समोरचं गिरवायचं. मी जुन्या ठशावर एकेका ताऱ्याला सुईने भोक पाडलं आणि तो पत्र्यावर ठेवून खुणा केल्या. खिडकीला पातळ कागद लावला. उजेड पत्र्यावर एकवटावा म्हणून पाण्याने भरलेला काचेचा गोळा खिडकीपुढे टांगला. ते डाव्या हाताच्या नखाने खूण चाचपायचे, कोरणी तिथे टेकवायचे, आणि पत्रा फिरवायचे. कोरणी सरळ असते, फिरतो तो पत्रा, हे तू लहानपणी मला समजावून दिलं होतंस. अक्षरं मात्र अजूनही उलटीच कोरायची होती. ती त्यांच्या हातातच इतकी मुरली आहेत, की त्यासाठी त्यांना डोळा लागला नाही. नावं थोडी वाकडी आली आहेत. मनाला लागलं त्यांना, पण मी म्हटलं, राहू द्या.

सात आठवडे लागले. मधे दोनदा कोरणी घसरली आणि एकदा बाबांनी सगळं फेकून द्यायचं ठरवलं. तेव्हा टॅबिथाने कातडं घासत घासत विचारलं, की बार्बराला काय कळवायचं, आजोबा थकले म्हणून? झालं, पुन्हा बसले. पहिला ठसा निघाला तेव्हा त्यांनी मला विचारलं, की क्रॉसचे ते दोन तारे कुठे आहेत. मी त्यांचं बोट धरून डावीकडे ठेवलं. ते बोट तिथे खूप वेळ होतं.

मग गोळा. त्याच्या पाकळ्या मी रंगवल्या, तुझ्या आवडीचा फिकट हिरवा समुद्राच्या कडेला. चिकटवायला मात्र त्यांनी मला हात लावू दिला नाही. अंगठ्यांनी चाचपत बाराही पाकळ्या त्यांनीच बसवल्या. ध्रुवावर सुईचं टोक जाईल एवढी फट आहे. ती तुला लगेच दिसेल. मी मुद्दाम बुजवली नाही.

पण त्याआधी, अर्धगोल सांधायच्या दिवशी, ते मला म्हणाले, की तुझा तो मोज्यांतला गोळा आण. मी खणातून तो काढून आणला. त्यांना पहिल्या वर्षापासून माहीत होतं. मी बाजारात गेले की तेही तो काढायचे. त्यांनी तो टेबलावर सोडला, तो डुलला, न्यू हॉलंड वर आलं, आणि त्यांनी त्यावर तळहात ठेवला. “वजन चांगलं बसवलंयस,” म्हणाले. चौतीस वर्षांत माझ्या कामाला पहिल्यांदाच असं तोंडाने चांगलं म्हटलं.

त्यानंतर त्यांनी शाई, लेखणी आणि कागदाची पट्टी मागितली आणि मला सांगितलं, की जरा स्वयंपाकघरात जाऊन भट्टीतला पाव जळत नाही ना ते बघ. भट्टीत पाव नव्हताच, सोमवार होता, आणि सोमवारी आम्ही पाव भाजत नाही. मी मुकाट्याने गेले आणि रिकाम्या भट्टीसमोर उभी राहिले. परत आले तेव्हा पट्टीची घडी झाली होती, घडीत छर्रे गुंडाळलेले होते, आणि ती पुडी एका अर्धगोलात सरसाने चिकटवून ते फुंकर घालत होते. बोटांना शाई लागली होती. मी विचारलं नाही. काय विचारायचं नाही हे मला आता कळतं.

गुरुवारी जहाज सुटतं, कप्तानाच्या बायकोने डबी स्वतःच्या पेटीत घेऊन जायचं कबूल केलं आहे. हे पत्र सोबत पाठवायलाच हवं होतं. कारण पत्राशिवाय गोळा पोचला असता, तर तू या घरची मुलगी, पहिल्याच मिनिटाला बोटांवर फिरवून पाहिला असतास, तोल चुकलेला कळला असता, आणि वाटलं असतं की बाबांचा हात गेला. किंवा ल्यूकने सद्भावनेने दुरुस्त केला असता. तो चुकलेला नाही, मोनिका. टेबलावर ठेव आणि सोड. दोनदा डुलेल, मग लंडन वर येऊन थांबेल. त्याला तिकडे फिरवणारं जे वजन आत आहे, ते तू मागितलेले बाबांच्या हातचे शब्द आहेत. दोन आहेत की जास्त, मला माहीत नाही. उघडायचा की तसाच ठेवायचा, ते तू ठरव. बार्बराला झाकण डोक्यावर धरायला दे आणि ती काय म्हणते ते कळव. बाबांना निकाल तिच्याकडूनच हवा आहे, आणि नाताळच्या आत येणार नाही हे माहीत असूनही ते आतापासून वाट बघत आहेत. मी वाचून दाखवीनच. आत्ता पत्र बंद करताना मी त्यांना विचारलं, की तुमच्याकडून आणखी काही लिहू का? म्हणाले, उघडायचाच असेल तर सुरी विषुववृत्तावरच्या सांध्यावरूनच फिरवावी, घाई करू नये. मग थोडं थांबून म्हणाले, “आणि सुरी ल्यूकला धरू दे म्हणावं. त्याचा हात स्थिर आहे.”

तुझ्या बाराव्या पत्राची वाट पाहणारी,
तुझीच,
आई